मांडवातले सुख आणि ऋणमुक्तीचे सुख

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तालुक्याच्या कोर्टात माझ्या टेबलासमोर एक वयस्क गृहस्थ येऊन बसले. सरकारी खात्यातून शिपाई म्हणून निवृत्त झालेले, अंगात स्वच्छ पांढरा सदरा, खिशाला बाबासाहेबांचा बिल्ला. नामांतराच्या लढ्यात तरुणपणी तुरुंगवास भोगलेला हा कार्यकर्ता. मी त्यांना लहानपणापासून काका म्हणतो आणि ते मला नावाने हाक मारतात. त्या दिवशी मात्र त्यांनी मला ‘साहेब’ म्हटले. तेव्हाच काहीतरी बिनसले आहे, हे माझ्या लक्षात आले. त्यांनी पिशवीतून एक नोटीस काढून माझ्यापुढे ठेवली. धनादेश न वटल्याची ती नोटीस होती. रक्कम सहा लाख रुपये.

‘‘काका, एवढे पैसे कशासाठी घेतले होते?’’

‘‘सहा नाही, तीनच घेतले होते. धाकटीच्या लग्नासाठी. शेकडा पाचनं. सही करून कोरे चेक दिले होते. आकडा त्यानं टाकला.’’

शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच टक्के. तीन लाखांवर दरमहा पंधरा हजार रुपये व्याज. काकांचे निवृत्तिवेतन त्याहून कमी. वीस महिन्यांत व्याजच मुद्दलाएवढे होते. हा हिशेब चौथीतल्या मुलालाही करता येतो आणि काका तर आयुष्यभर सरकारी कचेरीत वावरलेले. म्हणून मी जरा चिडूनच विचारले, ‘‘अहो, मग लग्नात एवढा खर्च करायची गरजच काय होती?’’

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘साहेब, गावातल्या लग्नाच्या पंगतीत माझ्या बापाला उकिरड्याच्या कडेला बसवायचे. तेही सगळ्यांचं जेवण उरकल्यावर. माझ्या लेकीच्या लग्नात गावचा पाटील माझ्या मांडवात टेबल-खुर्चीवर बसून जेवला. माझ्या हातानं मी त्याला वाढलं. त्या दिवसाएवढं सुख मला आयुष्यात कधी मिळालं नाही.’’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. ‘पैशाने सुख विकत मिळत नाही’ असे सुविचार शाळेच्या फळ्यावर लिहायला ठीक असतात. माझ्यासमोर बसलेल्या माणसाने पैसा खर्च करून सुख मिळवले होते. ते खोटे होते असे म्हणण्याचा मला काय अधिकार? आणि तरीही त्याच सुखाची नोटीस माझ्या टेबलावर पडलेली होती. पैसा खर्च करून माणूस सुखी होतो काय, होत असेल तर कोणत्या खर्चाने होतो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. चळवळीच्या वाचकांपुढे तो मांडावा असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. काटकसरीचा आणि साधेपणाचा उपदेश आपल्या समाजाला करण्याची या देशातील प्रस्थापितांना जुनी सवय आहे. परंतु याच प्रस्थापितांनी आपल्याला खर्च करण्याचीच बंदी केली होती, हा इतिहास आपण विसरता कामा नये. बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ सालच्या भाषणात त्याचे दाखले दिले आहेत. १९२८ साली इंदूर भागातील बलाई समाजावर गावोगावच्या सवर्णांनी नियम लादले. जरीकाठी पागोटे बांधायचे नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत. १९३५ साली अहमदाबाद जिल्ह्यातील झानू गावी अस्पृश्य स्त्रियांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणायला सुरुवात केली, म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. १९३६ साली जयपूर संस्थानातील चकवारा गावी तीर्थयात्रा करून आलेल्या एका अस्पृश्याने आपल्याच जातबांधवांना जेवण दिले. त्या जेवणात तूप होते. एवढ्याच गुन्ह्यासाठी सवर्ण लाठ्या घेऊन पंगतीवर तुटून पडले.

पैसा त्याचा, तूप त्याचे, पाहुणे त्याचे. तरीही ते तूप खाण्याचा हक्क त्याला नव्हता. आणि हा सगळा इतिहास झाला असेही नाही. उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्यात निजामपूर गावी २०१८ साली एका दलित नवरदेवाला आपली वरात गावातून नेण्यासाठी न्यायालयापर्यंत धाव घ्यावी लागली आणि अखेर पोलिस बंदोबस्तात वरात निघाली. म्हणून काकांच्या मांडवाला उधळपट्टी म्हणून निकालात काढायला मी तयार नाही. ज्या समाजाला चार माणसे मानाने जेवू घालण्याची बंदी होती, तो समाज आज मांडव घालतो तेव्हा त्या मांडवात नुसती हौस नसते, शेकडो वर्षांच्या अपमानाला दिलेले उत्तरही असते.

दुसरी गोष्ट. दारिद्र्यात सुख असते ही भाकडकथा आपली नाही. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्याच्या धम्माच्या भवितव्याविषयी लेख लिहिला. धर्माने दारिद्र्याचे उदात्तीकरण करता कामा नये, ही धर्माची एक कसोटीच त्यांनी त्यात सांगितली. ज्याच्याजवळ संपत्ती आहे त्याने ती सोडली तर त्यात काही थोरवी असू शकेल. पण ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्या गरिबीचे गोडवे गाणे म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ चोळणे होय. गरिबाच्या हाती पैसा आला की तो दारूत जातो, असे टेबलावर बसून बोलणारे आपल्याला ठाऊक आहेत. केनियातील गरीब कुटुंबांना कोणतीही अट न घालता रोख रक्कम देऊन तिचा परिणाम हाउसहोफर आणि शॅपिरो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तपासला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार त्या कुटुंबांचे खाणेपिणे सुधारले, जनावरे आणि घराची छपरे यांत गुंतवणूक झाली, माणसांचे मानसिक समाधान वाढले आणि दारू-तंबाखूवरचा खर्च काही वाढला नाही. गरजवंताच्या हाती पैसा आला तर तो सुखी होतो. याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही.

वाद पुढे सुरू होतो. पोट भरले, अंगावर कपडा आला, डोक्यावर छप्पर आले. त्यानंतरचा रुपया कशावर खर्च करायचा?

इथे मला तथागतांनी अनाथपिंडिकाला केलेल्या एका उपदेशाची आठवण होते. अनाथपिंडिक हा श्रावस्तीचा धनाढ्य व्यापारी. जेतवनाची जमीन नाण्यांनी झाकून त्याने ती विकत घेतली आणि भिक्षूसंघाला दान दिली, ही कथा आपल्या घराघरात ठाऊक आहे. म्हणजे पैसा खर्च करणे त्याला चांगलेच माहीत होते. अशा माणसाला तथागतांनी ‘पैसा सोड’ असे सांगितले नाही. गृहस्थाची चार सुखे त्यांनी सांगितली. पहिले अत्थिसुख, म्हणजे आपल्या घामाने, न्यायाने मिळवलेली संपत्ती आपल्याजवळ असण्याचे सुख. दुसरे भोगसुख, म्हणजे ती संपत्ती स्वतः उपभोगण्याचे आणि तिच्यातून सत्कृत्ये करण्याचे सुख. तिसरे अनणसुख, म्हणजे कोणाचेही लहान-मोठे देणे नसण्याचे सुख. आणि चौथे अनवज्जसुख, म्हणजे काया-वाचा-मनाने निर्दोष असण्याचे सुख. पहिली तिन्ही सुखे या चौथ्याच्या सोळाव्या हिश्शालाही पुरत नाहीत, असे तथागत म्हणतात.

अडीच हजार वर्षांपूर्वी ऋणमुक्तीला सुखाच्या यादीत स्वतंत्र स्थान देणारा हा शास्ता किती व्यवहारी होता, ते पाहा. सिगालोवाद सुत्तात तर त्यांनी कमाईची वाटणीच करून दिली आहे. चार भागांपैकी एक भाग उपभोगावा, दोन भाग कामधंद्यात घालावेत आणि चौथा भाग अडीअडचणीसाठी राखून ठेवावा. उपभोगाला त्यांनी नकार दिला नाही, एक हिस्सा दिला. आमच्या काकांच्या मांडवाने मात्र चारही हिस्से गिळले आणि वर तीन लाखांचा पाचवा हिस्सा सावकाराकडून आणला. भोगसुख एका दिवसाचे झाले. अनणसुख गेले ते गेलेच.

आता या गोष्टीचा खरा मुद्दा सांगतो. काकांना पैसे देणारा तो सावकार कोण होता? मांडवात जेवून गेलेल्या त्याच पाटलाचा सख्खा भाऊ. लग्नानंतर वर्षभराने आमच्या वस्तीने स्मशानभूमीच्या रस्त्यासाठी तहसीलदारांना अर्ज केला. रस्ता ज्या बांधावरून जातो तो बांध पाटलाचा. पावसाळ्यात प्रेत खांद्यावर घेऊन चिखल तुडवत जावे लागते, हे आमच्या पाचवीला पुजलेले. अर्जावर चाळीस सह्या झाल्या. काकांची सही त्यात नव्हती. नामांतरासाठी पोलिसांच्या लाठ्या खाल्लेल्या माणसाने अर्ज घेऊन आलेल्या पोरांना सांगितले, ‘‘बाबांनो, या वेळी मला वगळा.’’

ज्या पाटलाला ताठ मानेने जेवू घातले, त्याच्याचविरुद्ध साध्या कागदावर सही करण्याची ताकद काकांजवळ उरली नव्हती. स्वाभिमानासाठी केलेल्या खर्चाने स्वाभिमानच गहाण टाकला. माझ्या मते आपल्या समाजाच्या दृष्टीने अनणसुखाचा अर्थ हाच आहे. कर्जदार माणूस रात्री झोपू शकत नाही हे तर खरेच. पण कर्जदार माणूस दिवसा बोलूही शकत नाही. वकिली करताना मी हे अनेकदा पाहिले आहे. उचल घेतलेला साक्षीदार ॲट्रॉसिटीच्या खटल्यात उलटतो. जमिनीचा कागद सावकाराकडे असलेला मतदार मतदानाच्या दिवशी खाली मान घालून चालतो. गावगाडा आपल्याला आता उकिरड्याजवळ बसवत नाही. त्याला त्याची गरज राहिलेली नाही, कारण कोरा चेक त्याच्या कपाटात असतो.

काकांना नावे ठेवून मी मोकळा होणार नाही. माझेही चुकले आहे. आठ वर्षांपूर्वी मी कर्ज काढून नवी कोरी चारचाकी घेतली. गरज होती काय? होती, पण जुन्या गाडीनेही भागले असते. बार रूममध्ये इतर वकिलांच्या गाड्या उभ्या असतात, तिथे आपलीही असावी, हे खरे कारण. पहिला आठवडा फार आनंदाचा गेला. वस्तीत पेढे वाटले, पोरांनी गाडीसोबत फोटो काढले. सहा महिन्यांनी ती नुसती गाडी झाली. वर्षाने शेजारच्या टेबलावरच्या वकिलाने तिच्याहून मोठी गाडी घेतली आणि माझी गाडी एका दिवसात लहान झाली. हप्ता मात्र तेवढाच राहिला, दरमहा अकरा हजार चारशे. आणि या हप्त्यासाठी मी काय विकले ते सांगतो. पूर्वी मी महिन्याला दोन-तीन गोरगरिबांची प्रकरणे फी न घेता चालवत असे. हप्ता सुरू झाल्यावर ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे म्हणू लागलो. कोणी तक्रार केली नाही. पण अनवज्जसुख म्हणजे काय, ते मला त्या वर्षांत ते गमावल्यामुळे कळले.

याच काळात आणखी एक खर्च झाला. विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका करावी म्हणून आम्ही चार मित्रांनी मिळून अडतीस हजार रुपये घातले. टेबले, खुर्च्या, दिवे, दोन पंखे, स्पर्धा परीक्षेची पुस्तके. माझ्या वाट्याला साडेनऊ हजार आले, म्हणजे गाडीच्या एका हप्त्यापेक्षा कमी. आजही कोर्टातून उशिरा परतताना त्या खोलीचा दिवा दिसतो आणि आत पोरे-पोरी वाचत बसलेली दिसतात, तेव्हा दिवसभराचा शीण जातो. गाडीकडे पाहून असे कधी वाटत नाही. तो खर्च अजून सुख देतोच आहे.

हा माझ्या एकट्याचा अनुभव असता तर मी लिहिला नसता. एलिझाबेथ डन, लारा अक्निन आणि मायकेल नॉर्टन या संशोधकांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर देण्यात आले. निम्म्यांना सांगितले, संध्याकाळी पाचपर्यंत हे स्वतःवर खर्च करा. उरलेल्यांना सांगितले, हे दुसऱ्या कोणासाठी खर्च करा. संध्याकाळी विचारणा केली तेव्हा दुसऱ्यासाठी खर्च करणारे अधिक आनंदी आढळले. पाच की वीस, याने फरक पडला नाही. गंमत म्हणजे वेगळ्या लोकांना आधी अंदाज विचारला तेव्हा त्यांनी नेमके उलटे सांगितले होते. स्वतःवर आणि जास्त खर्च केला की जास्त आनंद होईल, असे त्यांना वाटत होते. माणूस आपल्या सुखाचा अंदाज चुकवतो तो असा.

पण दानाचेही सरसकट कौतुक करून चालणार नाही. अक्निन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली आणखी एक बाब दाखवून दिली. दहा डॉलर दिले की एका मुलाला मच्छरदाणी मिळेल, असे ज्यांना स्पष्ट सांगितले, त्यांचा आनंद देणगीबरोबर वाढला. एका मोठ्या संस्थेच्या सर्वसाधारण निधीत ज्यांनी पैसे टाकले, त्यांच्या बाबतीत तसे झाले नाही. आपला पैसा कुठे गेला, त्याने कोणाचे काय भले झाले, हे दिसले तरच देणारा सुखी होतो. आता आपल्या वर्गण्यांकडे वळू या. दर १४ एप्रिलला वस्तीवस्तीत वर्गणी जमा होते. मोलकरीण देते, हमाल देतो, घंटागाडीवरचा कामगार देतो. बाबासाहेबांची जयंती थाटात व्हावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो आमचा सण आहे. पण किती मंडळे जमा-खर्चाचा कागद विहाराच्या फलकावर लावतात? हिशेब लागत नाही म्हणून पुढच्या वर्षी लोक दारातूनच ‘नंतर या’ म्हणतात आणि आपण म्हणतो, समाजात दानत राहिली नाही. दानत आहे. हिशेब नाही. देणाऱ्याचे सुख कार्यकर्त्यांनीच हिरावून घेतले आहे.

खर्चाचा आणखी एक प्रकार आहे, ज्याची आपल्या बायकांच्या कष्टांशी गाठ आहे. वेळ वाचवण्यासाठी पैसा खर्च करणारी माणसे अधिक समाधानी असतात, असे ॲशली व्हिलन्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली मांडले. आपल्याला हे नवीन नाही. ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या १९४५ सालच्या ग्रंथात गांधीवादाचा समाचार घेताना बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली, ती याच मुद्द्यावर. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृतीच नाही, जनावराचे जिणे संपत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. माझी आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून आली की चुलीपुढे बसायची. तिच्या डोळ्यांतले पाणी धुराचे की थकव्याचे, ते आम्हाला कळत नसे. घरात गॅस आला तेव्हा ती पहिल्यांदा संध्याकाळी विहारात वंदनेला जाऊ लागली. ज्या घरात मांडवासाठी दोन लाख निघतात आणि घरातल्या बाईसाठी कपडे धुण्याचे यंत्र ‘चैन’ ठरते, त्या घराचा हिशेब पुरुषाने मांडलेला आहे, एवढेच मी म्हणेन.

याच आईने मला वकील करण्यासाठी दोन शेळ्या विकल्या. काळा कोट घालून मी पहिल्यांदा उभा राहिलो त्या दिवशी ती कोर्टात मागच्या बाकावर येऊन बसली होती. कामकाजातले तिला एक अक्षर कळले नसेल. घरी जाताना म्हणाली, ‘‘शेळ्या बऱ्या विकल्या.’’ बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा बडोद्याच्या शिष्यवृत्तीचे दरमहा साडेअकरा पौंड त्यांना मिळत. त्यात राहणे, खाणे आणि घरचा खर्च. तरीही पोटाला चिमटा घेऊन त्यांनी न्यूयॉर्कच्या दुकानांतून जुनी पुस्तके घेतली. पुढे दादरला राजगृह बांधले तेव्हा ग्रंथांना जागा हवी, हा विचार आधी केला. पुस्तकांवर खर्च करताना त्यांना काय सुख वाटत असेल, ते मी सांगायला नको. त्या खर्चाचे व्याज आपण सगळे आजही खात आहोत.

मग करायचे काय? ‘लग्ने साधी करा’ असा ठराव आपल्या प्रत्येक मेळाव्यात होतो आणि ठराव मांडणाराच पुढच्या हंगामात मंगल कार्यालय भाड्याने घेतो. महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज १८७३ साली स्थापन केला आणि भटजीविना, कमी खर्चात विवाह लावून दाखवले. दीडशे वर्षे झाली. ठराव का टिकत नाही? कारण एकट्या गरिबाने साधे लग्न केले तर लोक त्याला परिवर्तनवादी म्हणत नाहीत. ‘ऐपत नव्हती’ म्हणतात. सामुदायिक विवाहात फक्त गरिबांचीच नावे असतात, म्हणून तिथे जायला माणसे लाजतात. मांडवाची उंची गरीब ठरवत नाही. ती आमच्यासारखे वकील, प्राध्यापक, अधिकारी, ठेकेदार ठरवतात. गरीब फक्त तिथवर हात पोहोचवायला कर्ज काढतो. तेव्हा साधेपणाची सुरुवात ज्यांना थाट परवडतो त्यांनी केली पाहिजे. साहेबाच्या मुलीचे लग्न विहारात, त्रिशरण-पंचशील घेऊन, चहा-नाश्त्यावर झाले, तर शिपायाच्या मुलीचे तसे लग्न मानाचे ठरेल. माझ्या घरातले पुढचे लग्न असेच होईल, हे मी इथे लिहून ठेवतो. वाचकांनी मला जाब विचारावा.

कर्जाच्या बाबतीत कायद्याचा आधार घ्यायला शिका. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा कायदा आहे. परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणे हा गुन्हा आहे. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करण्याचा अधिकार परवानाधारक सावकारालाही नाही. बेकायदा सावकारीत जमीन गेली असेल तर जिल्हा निबंधकाकडे दाद मागता येते. आणि काहीही झाले तरी कोऱ्या धनादेशावर सही करू नका. नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे भरले नाहीत तर फौजदारी खटला उभा राहतो, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वस्तीतल्या महिला बचत गटांनी पहिले कर्ज सावकाराचे देणे फेडण्यासाठी द्यावे. त्यातून एक कुटुंब नुसते कर्जातून सुटत नाही, चळवळीला एक माणूस परत मिळतो.

आणि विसावा हिस्सा. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी मिळकतीचा विसावा भाग देण्याचे आवाहन केले होते. शंभरातले पाच रुपये. आज आपल्यातल्या पगारदारांनी तेवढे जरी दिले आणि मंडळांनी त्याचा हिशेब फलकावर लावला, तर प्रत्येक विहारामागे एक अभ्यासिका उभी राहील. देणाऱ्याला तिचा दिवा रोज दिसेल.

काकांचा खटला न्यायप्रविष्ट आहे, त्यामुळे त्याविषयी अधिक लिहिणे उचित नाही. मात्र एका तारखेला त्यांची धाकटी मुलगी कोर्टात आली होती. वडील पाणी प्यायला गेले तेव्हा मला म्हणाली, ‘‘दादा, मला बी.एड. करायचं होतं. फीला पैसे नाहीत म्हणाले. मग लग्नाला कुठून आले?’’ हा प्रश्न मी काकांना सांगितला नाही. तो त्यांच्या एकट्यासाठी नाहीच.

गेल्या महिन्यात स्मशानभूमीच्या रस्त्याचा अर्ज पुन्हा तयार झाला. पोरे काकांच्या दारावरून पुढे चालली होती. काकांनी त्यांना हाक मारून थांबवले आणि कागद मागून घेतला. सही केल्यावर मला फोन केला. या वेळी नावानेच हाक मारली. म्हणाले, ‘‘देणं अजून फिटलं नाही. पण आता कोर्टातच खेचलंय त्यानं, याहून जास्त काय करणार? तू पेपरात लिहितोस ना, हे लिही. माझं नाव टाकू नको, पण लिही.’’

म्हणून लिहिले.

जयभीम!